सोळा तारखेच्या आत

११ ऑगस्ट २००७, शनिवार

सकाळी आठला हिगाशी-कसाईच्या घरून निघालो, दुपारी शिमोदाला समुद्रावर. गाडीत श्री.ने यादी काढली. ऑफिसच्या सवयीने एक्सेलमध्ये केलेली, तासांसकट. शिराहामाचा बीच, काळ्या जहाजातून बंदराची फेरी, रोपवे, मत्स्यालय, ओन्सेनची म्हणजे गरम झऱ्याची आंघोळ. म्हणाला, जपानातली शेवटची सुट्टी आहे, काही राहून जायला नको.

शेवटची. ऑक्टोबरात त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपतं. कोथरूडचा फ्लॅट आईंनी रंगवून ठेवलाय, तिथली शाळा सईला वर्षाच्या मधेच घ्यायलाही तयार आहे. सगळं ठरलेलं.

आणि ओजिमातल्या ऑफिसचं पत्र माझ्या पर्समध्ये. लहानसं ऑफिस, घरांची ड्रॉइंगं करतात. १ सप्टेंबरपासून या, व्हिसाचं आम्ही बघू, सोळा तारखेच्या आत कळवा. आठवडा झाला पत्र येऊन. श्री.ला अजून सांगितलेलं नाही. इंटरव्ह्यू दिला तेही नाही.

उतरलोय त्या घरगुती हॉटेलची मालकीण सत्तरीची, ताठ. आम्ही मासे खात नाही म्हटल्यावर बराच वेळ विचारात पडली. जेवायला टोफू, वांगं, भात. सईने शेजारच्या टेबलावरच्या लाल माशाकडे बघून जपानीत विचारलं, मी खाल्ला तर चालेल का? शाळेत खातेच म्हणे. श्री.ला काय विचारलं ते कळलं नाही. मी सांगितलंही नाही.

१२ रवि.

बीच. पांढरी वाळू, माणसंच माणसं. छत्री भाड्याने घेतली. श्री. आणि सई पाण्यात, मी छत्रीखाली सलवार-कमीजमध्ये, पर्स मांडीवर. चार वेळा उठले, चार वेळा बसले. एकदा आइस्क्रीम आणायला म्हणून गेले आणि दुकानापर्यंत जाऊन तशीच परत आले.

श्री. खरंच खुशीत आहे. पाच वर्षांत त्याला इतका मोकळा बघितला नव्हता. इथे आल्यापासून सकाळी सातला जायचा, यायचा तेव्हा सई झोपलेली. दिवसभर ऑफिसात इंग्रजी, दुपारी इंडियन मुलांबरोबर डबा. त्याला इथे राहायला मिळालंच कुठे? परत जायचं म्हणतो त्यात त्याची चूक नाही.

पण मी राहिले. सईचं बालवाडीतलं रडणं, कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा ते, शाळेतल्या आयांच्या चिठ्ठ्या, ही सगळी भाषा मी एकेक शब्द करून कमावली. दोन वर्षं वॉर्ड ऑफिसच्या क्लासला जाऊन परीक्षा दिली. लग्नाआधी पुण्यात आर्किटेक्टकडे चार वर्षं काम केलं होतं, ते सगळं संपलं असं धरूनच चालले होते. इंटरव्ह्यूत मोरी-सान म्हणाल्या, तुमच्या रेषा स्वच्छ आहेत. त्या वाक्यावर दोन महिने जगतेय.

आज सांगायचं होतं. नाही सांगितलं.

१३, सोम.

सईला जेलीफिश चावला. चावला म्हणतात का? पायाला दोऱ्यासारखं काही गुंडाळलं आणि ती किंचाळली. श्री.ने उचलून बाहेर आणलं. मांडीवर लाल वळ, चाबूक मारल्यासारखे. जीवरक्षकाने समुद्राच्या पाण्याने धुतलं, चिमट्याने काही काढलं, म्हणाला ओठ सुजताहेत, डॉक्टरकडे न्या. टॅक्सीत ती कशीतरीच श्वास घेत होती.

दवाखान्यात माझं मलाच आश्चर्य वाटलं. डॉक्टर विचारत होते, मी सांगत होते. वजन किती, आधी कशाची अ‍ॅलर्जी, किती मिनिटं झाली, दमा आहे का. फॉर्म भरला. इंजेक्शन, मग सलाईन. दोन तास.

श्री. पूर्ण वेळ भिंतीशी उभा. हवा भरलेली ट्यूब खांद्याला तशीच. अधूनमधून विचारायचा, काय म्हणाले? मी म्हणायचे, थांब. तीनदा थांब म्हटलं त्याला.

संध्याकाळी सई ठीक. सूज उतरली, दूधभात खाल्ला. ती झोपल्यावर श्री. म्हणाला, "मला त्यातलं एकच कळत होतं. ती दुखतंय, दुखतंय म्हणत होती ते." आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

१४ मंगळ

सांगितलं.

सकाळी मालकीणबाईंनी सईला कागदाचे बगळे करायला बसवलं, आम्ही दोघं बंदरावर चालत गेलो. पत्र काढून दिलं. त्याला वाचता येईना, मग मीच वाचून दाखवलं. हेही किती वाईट.

त्याने पत्राची नीट घडी घातली. मग, "इंटरव्ह्यू कधी दिलास?"

"जूनमध्ये. सईच्या शाळेत मीटिंग आहे म्हटलं होतं, त्या दिवशी."

"त्या दिवशी मी हाफ डे टाकला होता. तिला घ्यायला."

हो. टाकला होता. मला आठवत होतं.

नोकरीबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. खोटं बोललीस, एवढंच म्हणाला, तेही आवाज न चढवता. भांडला असता तर बरं. माझ्याकडे सगळी उत्तरं तयार होती, गेल्या महिन्यात भांडी घासताना पाठ केलेली.

तिकिटं काढलेली होती म्हणून दुपारी काळ्या जहाजाची फेरी. सई मधे बसली, एक हात त्याच्या हातात, एक माझ्या. ती जपानीत बोलत होती, मी मराठीत सांगत होते, तो हसत होता. बघणाऱ्याला आम्ही छानच दिसलो असणार.

१५ बुध.

पहाटेच जाग. आजवर टाळलेली ओन्सेनची आंघोळ केली. चारचौघींत कपडे काढायचे या कल्पनेनेच पाच वर्षं नको म्हणत होते. आत फक्त मालकीणबाई, हौदाच्या कडेला फरशी घासत बसलेल्या. त्यांनी वर पाहिलंही नाही. पाण्यात उतरले आणि का कोण जाणे, रडायला आलं. वाफेत कळलं नसावं.

थोड्या वेळाने त्याच बोलू लागल्या. नवरा मासेमारीच्या मोठ्या जहाजावर होता, वर्षातून दोन महिने घरी. मी विचारलं, जड नाही गेलं? म्हणाल्या, "तो घरी असला की माझ्या कामाचा खोळंबा व्हायचा." हसल्या. मग घासता घासता म्हणाल्या, मुलगा मात्र त्याला काका म्हणायचा, चार वर्षांचा होईपर्यंत.

या दोन वाक्यांतलं कुठलं घेऊ?

परतीच्या गाडीत सई श्री.च्या मांडीवर झोपली. अतामी स्टेशन गेल्यावर तो खिडकीकडे बघत म्हणाला, "तू एक वर्ष थांब. मी आणि सई जाऊ. आई आहेत. वर्षाने बघू."

मी म्हटलं, सई माझ्याशिवाय राहील?

"माझ्याशिवाय राहिलीच ना ती. पाच वर्षं."

हे तो रागाने म्हणाला नाही. मला वाटलं होतं तो नाही म्हणेल आणि मग मी लढेन. त्याने हो म्हटलं, आणि आता सगळं माझ्यावर.

१६ गुरु.

घरी. सईला सकाळी सरळ विचारलं, पुण्याला बाबाबरोबर जाशील? आई मागून येईल. तिने जपानीत विचारलं, मागून म्हणजे किती झोपा? मी म्हटलं, खूप. ती खेळायला गेली.

अकराला मोरी-सानना फोन. हो म्हणायचं ठरवून लावला होता. तोंडातून आलं, सोमवारपर्यंत वेळ मिळेल का? पलीकडे कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज. मग म्हणाल्या, सोमवारी सकाळपर्यंत, त्यापुढे दुसऱ्या व्यक्तीला विचारावं लागेल. मी फोनसमोर वाकून वाकून आभार मानत होते, त्या काही बघत नव्हत्या.

श्री. दारात उभा. "काय सांगितलंस?"

"सोमवारी सांगते म्हटलं."

"बरं."

तो आत गेला. जरा वेळाने ओट्यापाशी बोलावलं. कुकर काढून बसला होता. सईच्या वरणाला डाळ किती, पाणी किती, शिट्ट्या किती, हिंग आधी की हळद, विचारत होता. मी सांगत गेले. त्याने एकेक लिहून घेतलं, सुवाच्य, खाली रेघा मारून. मग म्हणाला, आज मीच करतो, तू नुसती बस.

बसले. डाळ धुताना अर्धी सिंकमध्ये सांडली त्याच्या हातून. उठले नाही. त्याला हाक मारून सांगावंसं वाटलं की खाली चाळणी धर. नाही सांगितलं, त्याचं त्याला जमू दे.