चार दारं कशाला?

९ जानेवारी, गुरुवार

लाइल खोटं बोलतोय. काय ते अजून कळलेलं नाही, पण बोलतोय.

तीन महिने झाले, आमच्याकडे गाडी नाही. ऑक्टोबरात मोटरहोमच्या, म्हणजे आमच्या चाकांवरच्या घराच्या, मागे बांधून या तळावर ओढत आणताना जुनीचा गिअरबॉक्स जळाला. न्यूट्रलला टाकायची राहिली. कोणाकडून राहिली यावर आम्ही दोघंही अजून ठाम आहोत, आपापल्या जागी. तेव्हापासून दूध आणायचं म्हटलं तरी पाण्याची नळी काढा, सांडपाण्याची काढा, विजेची तार गुंडाळा आणि चौतीस फुटी घर घेऊन दुकानात जा. नाहीतर शेजारच्या बर्नाडीनपुढे तोंड वेंगाडा.

तर आज मी गाडी निवडली. छोटी, हलकी, दोन दारांची, गिअर हाताने टाकायचे. चारही चाकं जमिनीवर ठेवून खुशाल ओढा, असं तिच्या पुस्तकातच छापलंय. बहुतेक गाड्यांच्या पुस्तकात नेमकं उलटं छापलेलं असतं. लाइलने फोटो धड पाहिलाही नाही. म्हणाला, चार दारं हवीत.

कशाला? माणसं दोन!

सामान ठेवायला, म्हणे. अडतीस वर्षांत या माणसाने मागचं दार उघडून एक पिशवी ठेवलेली नाही. सगळं माझ्या मांडीवर.

११ जानेवारी, शनिवार

एकतीस वर्षं विमा कंपनीत दावे तपासले मी. गारांनी फुटलेली छपरं, आपोआप पेटलेली कोठारं. सबंध नेब्रास्का माझ्या टेबलावरून गेला. शिकले ते एवढंच — खरं कारण एकच असतं. तीन कारणं सांगणाऱ्याकडे चौथं असतं.

लाइलची आजवरची: सामान. कंबर वाकत नाही. पुढेमागे विकायला बरी.

तीन झाली.

१४ जानेवारी, मंगळवार

टीग नावाच्या माणसाची गाडी पाहून आलो. बर्नाडीनने सोडलं तिथे. चार दारं — अर्थात. टीग म्हणाला, ही आयुष्यात कधी कोणाच्या मागे ओढलेली नाही, आईशप्पथ. मी गुडघ्यांवर बसले, मग सरळ पाठीवर झोपले त्याच्या अंगणातल्या खडीत. बंपरखाली चार भोकं. आतल्या बाजूने घासून चकचकीत झालेली. ओढायचा दांडा लावायची पट्टी होती तिथे, आणि बरीच वर्षं होती.

उठून विचारलं तर टीग म्हणाला, आधीच्या मालकाची असतील. मघाशी म्हणाला होता, पहिला मालक मीच.

पण लिहायला बसले ते टीगसाठी नाही. मी खडीत लोळत असताना लाइल काय करत होता? मागच्या सीटवर बसला होता. पाठ आणि गादी यांच्या फटीत कोपरापर्यंत हात घालून काहीतरी चाचपत होता. मला पाहिल्यावर हात काढला. काय शोधतोस म्हटलं तर म्हणाला, धूळ बघतोय.

धूळ!

१५ जानेवारी, बुधवार

लाइल कपडे धुवायला गेला. स्वतःहून.

१९ जानेवारी, रविवार

परत गेला. या आठवड्यात तिसऱ्यांदा. आमच्याकडे एवढे कपडेच नाहीत.

दुपारी बर्नाडीन आली, मक्याची पोळी घेऊन. इकडचं तिकडचं बोलली, मग हळूच म्हणाली की तुझा नवरा तळावरच्या धुण्याच्या खोलीत फोनवर असतो. यंत्रात काही नसतं. नुसतंच फिरतं. आणि हसत असतो.

"लव्हॉन, माझा नवरा शेवटची दहा वर्षं माझ्याशी असं हसला नाही," म्हणाली. "तुझा कुणाशी हसतोय ते बघ एकदा."

मी म्हटलं, भाऊ असेल. लाइलला भाऊ नाही हे बर्नाडीनला माहीत नाही.

कुठेतरी पाणी मुरतंय.

२२ जानेवारी, बुधवार

आज नवीनच. मला जत्रेच्या मोकळ्या मैदानात नेलं आणि मोटरहोमच्या स्टिअरिंगवर बसवलं. घेतल्यापासून मला त्याला हात लावू दिला नव्हता. "तुला आरशात अंदाज येत नाही," हे पाच वर्षं ऐकतेय. आज म्हणे, येईल, हळूहळू येईल.

येतोही. दोन तास चालवलं. एक कचऱ्याचं पिंप सोडून काही पडलं नाही.

का शिकवतोस? म्हणाला, मला काही झालं तर. घाबरले. काही झालंय का? नाही, तब्येत ठणठणीत आहे. मग सहज बोलल्यासारखं म्हणाला की कधी कधी तू घर चालव, मी गाडी घेऊन मागून येईन.

थांब. दोघं दोन गाड्या चालवणार असू, तर ओढता येईल अशी गाडी दोन महिने कशासाठी शोधतोय आपण? मग कुठलीही चालेल की! यावर म्हणाला, जाताना ओढू, येताना चालवू.

कुठे जाताना? कुठून येताना? तो आरसे पुसायला लागला.

त्याला एकट्याला बसायचंय गाडीत. मी ऐकू शकणार नाही अशा जागी. दुसरा अर्थ मला तरी लागत नाही.

२७ जानेवारी, सोमवार

लाइल अंघोळीला गेल्यावर त्याचा फोन पाहिला. लाज वाटली, पण पाहिला.

एकच नंबर. नाव नाही. न्यू मेक्सिकोचा. या महिन्यात अकरा वेळा. एकदा तर पाऊण तास.

नंबर लिहून घेतलाय, याच वहीच्या मागच्या पानावर. लावला नाही. ज्या दाव्यात काय निघणार हे मनाला आधीच कळायचं, ती फाइल मी सगळ्यात शेवटी उघडायची.

२ फेब्रुवारी, रविवार

गाडी घेतली.

बेन्सनमध्ये ओगडेनबाई म्हणून निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांची. चार दारं, मागे ऐसपैस जागा, इंजिनाची ताकद चाकांपासून पुरती तोडायला वेगळी दांडी. पुस्तकातलं पान मी स्वतः वाचलं, दोनदा. खाली झोपून पाहिलं. चाकं सारखी झिजलेली. तेल स्वच्छ. बाईंना एकच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला, तिन्ही वेळा तेच उत्तर. शेवटी त्याच हसून म्हणाल्या, "तुम्ही पोलिसात होता का हो?"

एकही खोट सापडली नाही. त्यामुळे रात्रीपर्यंत अस्वस्थ.

दांडा, पट्टी, ब्रेकची पेटी सगळं त्यांच्याकडेच होतं. लाइलने जोडणी मला करायला लावली. दांडी न्यूट्रलला. हँडब्रेक खाली. किल्ली एक खूण पुढे, म्हणजे स्टिअरिंग अडकत नाही. साखळ्या, दिव्यांची तार. मग त्याने घर हळू पुढे घेतलं आणि मी बाजूने चालत मागची चाकं फिरतात का पाहिलं. फिरत होती. अगदी हलकी, हाताने ढकलल्यासारखी. मला आनंद झाला. मग आठवलं की मला काहीतरी सांगितलं जात नाहीये.

३ फेब्रुवारी, सोमवार

लावला नंबर. बर्नाडीनच्या फोनवरून.

दोनदा वाजला. मग बाईचा आवाज. "बाबा? हा कुणाचा नंबर आहे?"

कापला.

कोरलचा आवाज. माझ्या मुलीचा. पाच वर्षांनी ऐकला. थोडा जाड झालाय.

हे मी या वहीत कधी लिहिलं नाही. इथे तरी कोणाची भीती होती कोण जाणे. तेव्हा आम्ही नेब्रास्कात, कीर्नीला राहत होतो. थँक्सगिव्हिंगचं जेवण, कोरल एफ्रेनला घेऊन आलेली. टर्की कापून झाली आणि तिने सांगितलं, तिसरा महिना आहे. लाइल उठून तिला कुशीत घेत होता. मी टेबलाखाली बोटं मोजत होते. एफ्रेन त्या वेळी टेक्सासात पवनचक्क्यांवर कामाला होता, तिनेच मला सांगितलेलं. आणि मी विचारलं. त्याच्या देखत. "मग हे मूल नक्की कोणाचं?"

कोरलने काटा ताटात ठेवला. आवाज न करता. दोघं कोट घालून निघून गेली.

दर दुसऱ्या शनिवारी एफ्रेन आठशे मैल गाडी हाकत तिच्याकडे यायचा. नंतर लाइलकडून कळलं. मी साधं विचारलं असतं, तर तिने सांगितलं असतं.

मुलगी झाली. पर्ला. याहून जास्त मला माहीत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

पाच दिवस तोंडाला कुलूप लावलं होतं. आज सकाळी अंडी तळताना लाइलला म्हटलं, फटीत धूळ शोधत नव्हतास तू. लहान मुलाची खुर्ची अडकवायचे हूक शोधत होतास.

त्याने गॅस बंद केला आणि बसला. सगळं सांगितलं. कोरलचं बुधवारी पोटाचं ऑपरेशन आहे. मोठं. दोन-तीन आठवडे पोरीला उचलता येणार नाही, एफ्रेनला दिवसपाळी. तिने लाइलला विचारलं, पर्लाला न्याल का. मोटरहोमच्या बाकावर लहान मुलाची खुर्ची नीट बसत नाही आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीत माणूस बसवता येत नाही. म्हणून जाताना ओढायची, येताना ती गाडीत आणि घर दुसऱ्याने चालवायचं.

मी म्हटलं, मग गाडी मी चालवते, घर तू चालव. तुझ्या सवयीचं आहे.

तो ताटाकडे बघत म्हणाला, "कोरलची अट आहे. गाडी मी चालवायची."

"आणि?"

"पर्लाला तुझ्याजवळ एकटं ठेवायचं नाही." पुढे म्हणाला, "आणि आईने तिला काही विचारायचं नाही. काहीही."

मला वाटलं रडू येईल. राग आला. मला का नाही सांगितलंस, म्हणून ओरडले. तो शांतपणे म्हणाला, "सांगितलं असतं तर पहिल्यांदा काय विचारलं असतंस, लव्हॉन?"

मला माहीत होतं. आत्ताच का फोन केला? पाच वर्षांनी? हिला आपल्याकडून काय हवंय?

अंडी गार झाली. तशीच खाल्ली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

लास क्रूसेसला कोरलकडे जाऊन आलो, न्यू मेक्सिकोत. जाताना गाडी मागून शहाण्यासारखी आली. दर पन्नास मैलांवर थांबून मी चाकांना हात लावून बघितलं. गरम नाहीत.

त्यांच्या घराशी मी खाली उतरले नाही. तेही ठरलेलं. मोठ्या काचेतून पाहिलं. कोरल दारात उभी होती, बारीक झालीय. एफ्रेन लाल खुर्ची उचलून गाडीत बसवत होता. बसवून झाल्यावर त्याने माझ्या दिशेने हात वर केला. त्याला गरज नव्हती करायची. कोरलने पाहिलं नाही.

पोर छोटी आहे वयाच्या मानाने. साडेचार वर्षांची. खुर्चीचे पट्टे तिने स्वतः ओढून पाहिले, दोन्ही. मग लाइलला ओढायला लावले.

दोनशे तीस मैल मी चौतीस फूट एकटीने चालवले. आरशात चार दारांची गाडी. सगळ्या वाटेत एकदाही नजरेआड होऊ दिली नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कोरलचं ऑपरेशन नीट झालं. एफ्रेनने लाइलला कळवलं.

मी काही विचारत नाही. फार अवघड आहे. नाश्त्याला काय हवं, हेही लाइलला विचारायला लावते. पोर मात्र सगळं विचारते. हे नळाचं पाणी खरं कुठून येतं? घर रात्री आपोआप चालू लागणार नाही कशावरून? बर्नाडीनने बिस्किट दिलं तर उलटं करून खालून पाहिलं. बर्नाडीन माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, घे, सापडली गं तुझ्यासारखी. मी आत जाऊन भांडी घासली.

१६ फेब्रुवारी, रविवार

तिला कपबशी हळू ठेवायची सवय आहे. आवाज न करता. कोरलची.

दिवसभर तोंड मिटून. एफ्रेनबद्दल, घराबद्दल, कोरल माझ्याबद्दल काय बोलते याबद्दल — जिभेच्या टोकावर किती येतं! गिळते. गिळता येतं म्हणायचं. चौसष्टाव्या वर्षी कळलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी पायरीवर बसलो होतो, लाइल समोरच गाडीची काच पुसत होता. पर्ला म्हणाली, "तू आजोबांना विचारतेस. त्या बाईंना विचारतेस. मला काहीच विचारत नाहीस. मी तुला आवडत नाही का?"

लाइलचा हात काचेवर थांबला.

मी आत गेले आणि कोरलला फोन लावला. माझ्या फोनवरून. उचलला. म्हटलं, मी आई. तुझ्या मुलीला एक गोष्ट विचारू का, तू म्हणशील तरच.

पलीकडून नुसता श्वास, दुखऱ्या पोटाचा, जपून घेतलेला.

"आधी मला विचार ना, आई," म्हणाली. "कशी आहेस म्हणून."

विचारलं.