बाटली अर्धी झाली की

४ जानेवारी
आज खोटं बोललो. तेही आत नळी घातलेली असताना!

खजुराच्या झाडावरून रसाचं मडकं चोरताना पडलो, तेव्हापासून कमरेखाली सगळं मुकं. लघवी लागलेली कळतच नाही. मणक्यातली नस गेली म्हणे. आज तपासणी. नर्स रोकेया आपा नळीतून पाणी सोडत होती. "लागली की सांग हं, लाल्टू." काही म्हणजे काही नाही. पण मागे टांगलेली पाण्याची बाटली समोरच्या चकचकीत स्टीलच्या कपाटात आरशासारखी दिसत होती. अर्धी झाली तसा ओरडलो — "लागली, आपा!"

आम्मा दारातच रडायला लागली.

५ जानेवारी
आम्माचे गावभर फोन. 'लाल्टूची नस जागी झाली!' इकडे गादी ओली, मला पत्ता नाही. पाणी सांडलं म्हणालो.

८ जानेवारी
शेजारच्या खाटेवर मोनसुर चाचा. हमाल. तांदळाचं पोतं पाठीवर आदळलं, तेव्हापासून माझ्यासारखेच. सारखं विचारतात, "कसं वाटलं रे? सांग की, गाढवा!"

मलाच आठवेना. पोटाखाली कोणीतरी राहायचं, हाक मारायचं. आता दुपारी मध्येच हाक आल्यासारखी वाटते. हात लावतो — चादर भिजून गार झालेली.

शेवटी थाप मारली. "कपाटात दिसणाऱ्या बाटलीकडे बघत राहा, चाचा. अर्धी झाली की येतेच!"

९ जानेवारी
आज चाचांची तपासणी. चाचा ओरडले! खरंच लागली म्हणाले, देवाशप्पथ. आपा म्हणाली, "तरी नळी वेळच्या वेळी घालायची. तुंबलं तर मूत्रपिंडं जातील." खरं सांगायला तोंड उघडलं, तर चाचांनी खुशीत त्यात संदेश मिठाई कोंबली.

१३ जानेवारी
चाचा घरी गेले. घरी वापरायला दिलेल्या नळ्या माझ्या खाटेखाली टाकून गेले. "आपल्याला कळतं ना आता! तूही फेक!"

१९ जानेवारी
चाचांचा फोन. दात वाजत होते. "जरा ताप आहे. बाकी झकास! लघवी आपोआप होते रे!"

आपोआप! म्हणजे तुंबून गळतेय. आपाला सांगायला निघालो, चाकाची खुर्ची वळवली. तिच्या शेजारी आम्मा हसत उभी.

उद्या सांगतो.

२१ जानेवारी
चाचांच्या मुलाचा फोन. काल दफन केलं. "अब्बा शेवटपर्यंत तुमचं नाव घेत होते, भाई. लाल्टूनं मला बरं केलं म्हणायचे."

आम्मानं रडताना पाहिलं. काय झालं रे? तोंडातून निघून गेलं — पाय दुखतोय.

ती धावतच सुटली. "आपा! ऐकलंस का! पाय दुखतोय म्हणतो!"

सगळा वॉर्ड टाळ्या वाजवतोय. वही, तू कोणाला सांगू नकोस. अल्लाची शपथ आहे तुला, कोणालाच नको!