हिरव्या डब्यातली माणसं

११ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. स्वेटर अंगात गेला, पण बाह्या चार बोटं लांब आहेत. लहान भाऊ अजून वाढतोय असं समजून विणलास की लोकर उरली होती, ते तूच जाणे. बांधकामाच्या परांचीवर बाह्या दुमडून घालतो. वर वारा असा सुटतो, की मुकादमाच्या शिव्यासुद्धा अर्ध्याच खाली पोचतात.

स्वेटर गुंडाळलेला कागद मी फेकला नाही. आपल्या नगरपालिकेचं नव्या वर्षाचं पत्रक आहे ते. मी पाचवीतून सुटलेला, त्यामुळे बोट लावून वाचायला दोन रविवार गेले. कचरागाडी आता सोमवारी आणि गुरुवारी. पाणी सकाळी सहा ते आठ. वाचनालयाचं दार मागच्या बाजूला गेलं. सात नंबरची बस गोदामाला वळसा घालून जाणार. आमच्या खोलीतले सगळे हसले, की हा दुसऱ्याच शहराच्या पाण्याच्या वेळा पाठ करतोय. हसू देत. गावची खबर मला नगरपालिका देते, घरचे देत नाहीत.

पण एका ठिकाणी बोट अडकलं. नव्या वर्षापासून प्रत्येक घराला कचऱ्याचा डबा माणसं मोजून मिळणार म्हणे. दोन माणसांपर्यंत लहान हिरवा, तीन झाली की मोठा करडा. मोजणारा घरोघरी येणार. जो सहा महिने घरात राहत नाही त्याचं नाव निघणार. हरकत पंधरा फेब्रुवारीच्या आत घ्यायची, नंतर वर्षभर यादी बंद. त्याखाली दीर्घ मुदत, उपचार केंद्र असल्या शब्दांच्या दोन ओळी होत्या. त्या वाचताना जबडा दुखायला लागला, आणि आपल्या कामाच्या दिसेनात, म्हणून सोडल्या.

आता तुझी चिठ्ठी बघ. तू लिहितेस, की नवा हिरवा डबा आला, सुबक आहे, जिन्याखाली मावतो. ताई, हिरवा? बाबा एक, तू दोन, मी तीन. शाळा सुटली तरी तीनपर्यंत मोजता येतं मला. मग कापला कोण? घर सोडून मला सात महिने झाले. म्हणजे एका महिन्याने पकडला गेलो.

आणि बाबा तुझ्या पत्राखाली दोन ओळी लिहायचे, त्या मागच्या तीन पत्रांत नाहीत. चष्मा फुटला असं तू म्हणतेस. चष्मेवाला आपल्याच चौकात बसतो. तो काय समुद्रापलीकडून काच आणतोय? निघताना बाबा माझ्याशी बोलले नव्हते हे मी विसरलेलो नाही. तीन कामं सोडली म्हणून पोरगा कायमचा वाया गेला असं त्यांनी ठरवलं असेल, तर तसं स्पष्ट कळव. फोन मुकादमाच्या खोलीत आहे आणि तिथे सगळे कान लावून बसतात. म्हणून पत्रानेच.

कळावे. लोभ आहे असं धरून चालतो, तोही यादीतून काढू नये.
तुझा धाकटा


१७ जानेवारी

चि. भिंगरीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बेकरीत पोचलं, कारण पोस्टमन पावासाठी येतोच, जिना कोण चढणार. काउंटरवर उभ्या उभ्या वाचलं आणि एका बाईंना दोनऐवजी चार पाव दिले. त्या काही बोलल्या नाहीत. जास्त मिळालं की कुणी बोलत नाही.

अरे, कचऱ्याच्या डब्यावरून कुणी रुसतं का? डबा म्हणजे डबा. आपल्या घरात कचरा तो केवढा? तू होतास तेव्हा होता खरा, खिळे, तारा आणि अर्धवट सोडलेली कामं. मोजणारा आला, त्याने लिहिलं, डबा दिला, विषय संपला. तू तिकडे परांचीवर लक्ष दे. पाय रोवून काम कर. बाकीचं मी बघते.

बाबा बरे आहेत. झोप जास्त लागते. कॉट खिडकीशी आहे, ऊन छान येतं. चष्म्याचं बघते.

बाह्या लांब राहू देत, थंडी वाढणार आहे. तब्येतीला जप. माया आहे तेवढीच आहे, मोजायला कुणाला पाठवू नकोस.
तुझी ताई


२१ जानेवारी

ती. शिंपीकाकांस,
सा. न. वि. वि.

काका, पत्र कुठून आलं म्हणून दचकू नका. खालच्या दुकानात बसून तुम्ही आमचा जिना दिवसभर बघता, म्हणून तुम्हालाच लिहितो. माझी एक शंका फेडायची आहे आणि ताईला कळता कामा नये. तुमची जीभ कात्रीसारखी चालते हे मला ठाऊक आहे, पण या वेळी ती गळ्यातल्या टेपला बांधून ठेवा.

जिन्याखाली नगरपालिकेचा डबा आहे. त्याचं माप घ्या. रंग नीट बघा, ताई करड्याला चुकून हिरवा म्हणाली असेल, असं मी अजून धरून आहे. मग वर जाऊन आमच्या दाराबाहेरच्या चपला मोजा. आमचे बाबा चाळीस वर्षं नगरपालिकेत घरं मोजत फिरले. माणसांना विचारू नका, चपला मोजा, असं ते नव्या पोरांना शिकवायचे. तोंड खोटं बोलतं, चपला बोलत नाहीत.

मला ताईने खिडकीची गोष्ट सांगितली. खिडकीशी माझी कॉट होती, काका. बाबा आतल्या भिंतीशी झोपायचे. म्हणजे माझी जागाही वाटली गेली. डबा, कॉट, नाव. ओळीने चाललंय सगळं. ताई गोड बोलते, पण गोड बोलणाऱ्याच्या हातात कात्री असू शकते. हे तुम्हाला उद्देशून नाही.

उत्तर लवकर द्यावे. मुलासारखा समजून एवढं करा, उलट्या बाजूने शिवू नका.
आपला,
वरच्या मजल्यावरचा भिंगरी


२७ जानेवारी

चि. भिंगरीस,
शिंपीकाकाचे आशीर्वाद.

माप पुढीलप्रमाणे. उंची बावीस इंच, तोंडाचा घेर अठ्ठेचाळीस, खाली थोडा निमुळता, झाकण घट्ट. रंग हिरवा, शंका नको. मी टेप लावून वाकलो असताना तुझी ताई जिन्यावरून उतरली. काय करता काका असं तिने विचारलं. डब्याला कव्हर शिवतोय असं तोंडातून निघून गेलं. आता ते खरंच शिवावं लागतंय. चाळीस वर्षांच्या धंद्यात कचऱ्याच्या डब्याचं कापड बेतायची वेळ तू आणलीस.

चपला दोन जोड. एक तुझ्या ताईचा. दुसरा पुरुषी, मोठा. स्वच्छ आहे, रोज कुणीतरी पुसत असावं.

याच्यावर मला विचारू नकोस. शिंप्याने माप घ्यावं, अस्तरात कुणी काय शिवून ठेवलंय ते उसवू नये. एवढंच सांगतो, की तुझी ताई सकाळी बेकरीत असते आणि दुपारी घरी नसते. कुठे जाते ते तिला विचार, सरळ विचार, टेप लावून विचारू नकोस.

स्वेटरच्या बाह्या मोठ्या झाल्या असं ऐकलं. पाठवून दे, बसवून देतो. स्नेह आहेच, त्याला टाका घालायला लावू नये.
शिंपीकाका


३१ जानेवारी

ती. ताईस,
नमस्कार.

वि. वि. लिहीत नाही, कारण विनंतीही नाही आणि विशेषही काही उरलं नाही. मला सगळं कळलंय. डबा हिरवा, बावीस इंच. दारात चपला दोन जोड, एक तुझा, एक बाबांचा, आणि बाबांचा रोज पुसून ठेवतेस. माझा जुना जोड मी निघताना दारातच सोडला होता. तो कुठे टाकलास? त्याच हिरव्या डब्यात? सोमवारी टाकलास की गुरुवारी? कचरागाडीचे वार मला पाठ आहेत.

माझी कॉट बाबांना दिलीस, खुशाल दे. म्हातारा माणूस, ऊन हवं. पण मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं का? बाबांनी सांगितलं म्हणून नाव काढलंस की तुझ्या मनाने, तेवढं सांग. मोजणारा दारात आला तेव्हा त्याने विचारलंच असेल, की घरात किती. तेव्हा तुझ्या तोंडातून दोन निघताना काहीच कसं अडकलं नाही? आणि काका म्हणतात तू दुपारी घरी नसतेस. मग बाबांना दुपारी कोण बघतं? की तेही मी विचारायचं नाही?

एक ऐक. मुकादमाला आणखी लांब नवं काम मिळालंय, दोन वर्षांचं. मधे सुट्टी नाही. मला चांगलं बांधता येतं म्हणून तो माझ्या मागे लागलाय, सही कर म्हणून. मी अजून केली नाही. पंधरा फेब्रुवारीला तुमची यादी बंद होते. तोवर मला उत्तर आलं तर ठीक. घरात नावच नसेल, तर सही करतो. यादीत नसलेल्या माणसाने परत यायचं तरी कुठल्या दाराने?

लोभाचं काय करायचं ते तू ठरव.
भाऊ


५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. सही करू नकोस. आधी हे वाच, बोट लावून, हळू.

नोव्हेंबरात बाबा सकाळी नळाशी पाणी भरताना पडले. उजवा हात, उजवा पाय आणि अर्धं बोलणं गेलं. शिंपीकाकांनी आणि मी त्यांना नगरपालिकेच्या उपचार केंद्रात नेलं. तेव्हापासून ते तिथेच आहेत. खिडकी तिथली, ऊन तिथलं. मी दुपारी तिथे असते. तुझी कॉट जिथे होती तिथेच आहे, तुझी चादर घालून.

पत्रकातल्या ज्या दोन ओळी तू सोडल्यास ना, त्या आपल्याच होत्या. जो माणूस बराच काळ उपचार केंद्रात आहे त्याची नोंद घरातून निघून केंद्राकडे जाते. तुझ्या तिघांतून कमी झाले ते बाबा. यादीत मी आहे आणि तू आहेस.

मोजणारा आला तेव्हा मी दोन म्हटलं. अडकलं, रे. खूप अडकलं. दुसरा कुठे आहे असं त्याने विचारलं. मी दारातल्या चपलांकडे बोट केलं. काकांनी पाहिलेला तो मोठा जोड तुझा आहे. डाव्या अंगठ्याला तू बांधलेली तार आहे ना, ती काकांना दिसली नाही, कारण मी आत वळवून ठेवलीय. बाबांच्या चपला केंद्रात त्यांच्या कॉटखाली आहेत, ते बघायला मागतात म्हणून. तुझ्या मी रोज पुसते, वापरातल्या दिसाव्यात. मोजणारा बाबांच्याच हाताखाली शिकलेला निघाला. त्याने जोड उचलला, उलटा केला, तळ बराच वेळ पाहिला. मग दोन लिहिलं.

तुला कळवलं नाही, कारण बाबांनी डाव्या हाताने नाही नाही केलं. हे काम टिकतंय, पोराला हलवू नका, असं त्यांना म्हणायचं होतं. मलाही वाटलं, तू येशील, चार दिवस धावपळ करशील आणि पुन्हा पायाला भिंगरी लागेल. तुझ्याबद्दल मलाही संशय होता, तेव्हा आपली फिटंफाट.

डॉक्टरीणबाई म्हणतात, घरी नेता येईल. पण उचलायला माणूस हवा आणि आपल्या अकरा पायऱ्यांना धरायला आधार हवा. मी एकटीने दोन्ही करून बघितलं. होत नाही.

काल मी बाबांना सगळं सांगितलं, चपलांचं, दोनचं. वाटलं, खूश होतील. ते रागावले. कागद मागितला. खालची ओळ त्यांची आहे, डाव्या हाताची. तीन वेळा पेन पडलं. चष्मा शाबूत आहे.
तुझी ताई

भिंगरी खोटी नोंद नको


९ फेब्रुवारी

ती. बाबांस आणि ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी परांचीवर चढलो नाही. मुकादमाने कारण विचारलं. मी त्याला बाबांची ओळ दाखवली. त्याने कागद उलटसुलट केला आणि अक्षर कुणाचं असं विचारलं. सांगितलं. सहीचा कागद त्याने स्वतःच खिशात घातला. परांचीच्या वाकलेल्या, कापलेल्या नळ्या ढिगात पडून असतात, त्यातल्या लागतील तेवढ्या ने म्हणाला, कड्यांसकट. अकरा पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा होईल. मी दहा मजले बांधतो, अकरा पायऱ्या काय चीज आहेत.

ताई, तुझ्यावर घेतलेले आळ मोजले तर करडा डबाही पुरायचा नाही. तोंडाने माफी मागता येत नाही मला, तू तोंड वेडंवाकडं करतेस. दुपारची पाळी माझी, असं समज. काकांना सांग, कव्हर शिवलं असेल तर फाडा आणि मोठ्या मापाचं बेता.

तेरा तारखेला सकाळी पोचतो. बस गोदामाला वळसा घालते हे मला माहीत आहे, चुकणार नाही. चौदाला कार्यालयात जाईन. हरकतीचा अर्ज मी स्वतः लिहीन, वेळ लागला तर लागू दे. बाबांना घरी आणतोय, घरात माणसं तीन.

बाबा, निघताना तुम्ही बोलला नव्हता. आता अर्धंच बोलता येतं म्हणे. अर्धं चालेल.

तोवर लोभ होता तसाच ठेवावा, मी येऊन मोजून घेतो.
तुमचा,
भिंगरी

ता. क. ताई, आजपासून चपला पुसू नकोस. धूळ बसू दे, ती मी येऊन झटकतो.