शेवटी जाणाऱ्याने हीटर बंद करावा

८ ऑगस्ट, गुरुवार

परत नाकारलं! त्याच बार्बिएरीबाई. सुरक्षा समितीवर अख्ख्या अर्जेंटिनात हीच बाई सापडावी!

आमचा उपग्रह चपलांच्या खोक्याएवढा. त्यात पाण्याची टाकी, टाकीला लागून किरणोत्सारी धातूची बोटभर गोळी. ती आपली आपण गरम राहते, पाण्याची वाफ होते, झडप उघडली की वाफेच्या जोरावर उपग्रह सरकतो. ऊन असो नसो. आणि बाई विचारतात, "झडप बंद असताना ती उष्णता जाते कुठे?" जाते कुठे म्हणजे? पसरते! सगळी गणितं दिलीत की!

सोमवारपर्यंत मंजुरी नाही तर रॉकेटमधली आमची जागा दुसऱ्यांना.

९ ऑगस्ट, शुक्रवार

बाल्तासार आमचा प्रमुख, पण कणा म्हणून नाही. माटेचा, म्हणजे इथल्या कडू पाल्याच्या चहाचा, पेला माझ्या हातात देत म्हणाला, नमतं घे, गोळी काढ, सौर पट्ट्या लाव. माटे प्यायले. नमतं घेणार नाही.

१० ऑगस्ट, शनिवार

बाईंचं तोंड बंद करायचंच. खरी गोळी उड्डाणाआधी कुणी हातात देत नाही, म्हणून प्रयोगशाळेत तिच्या जागी विजेचा हीटर असतो. दारावर पाटी आहे — शेवटी जाणाऱ्याने हीटर बंद करावा. शिकायला आल्यापासून सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. आज मुद्दाम चालू ठेवून आले. झडप बंद. सोमवारी आकडे बाईंच्या तोंडावर फेकते!

११ ऑगस्ट, रविवार

बाल्तासारकडे जेवण. इथला ऐन हिवाळा, बर्फ पडतोय आणि हा छत्री धरून अंगणात मांस भाजतोय! सगळ्यांनी मला चिडवलं. बार्बिएरीबाईंना निखाऱ्यांवर ठेवलं तरी विचारतील, ही उष्णता जाते कुठे. सगळ्यात मोठ्यांदा मीच हसले.

१२ ऑगस्ट, सोमवार

टाकी फुटली.

आजवरच्या एकूण एक चाचण्यांत आम्ही संध्याकाळी हीटर बंद करून घरी गेलो. टाकी रात्रभर निवायची. गोळीला कुठे बटण असतं! ती विझत नाही, हे तर आम्ही पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतो. आणि आमच्याच टाकीच्या वेळी एकालाही सुचू नये? मलाही? लाज वाटली. बाईंचा राग आला तो वेगळाच.

मी फुटलेले तुकडे गोळा करत होते तेव्हाच मंजुरी आली. समितीत बाई एकट्या पडल्या, बाकीच्यांनी आमच्या बाजूने मत दिलं. बाल्तासारने आधी कागद पाहिला, मग टाकी पाहिली, मग दार लावून घेतलं.

"तू हीटर बंद करायला विसरलीस," तो म्हणाला. "मी तुझ्यावर ओरडलो. विषय संपला."

"मी विसरले नव्हते."

"विसरली होतीस, अगं. सगळ्यांच्या पोटाचा प्रश्न आहे."

१३ ऑगस्ट, मंगळवार

विसरले नव्हते. विसरले नव्हते!

१४ ऑगस्ट, बुधवार

फुटलेल्या टाकीचे फोटो बार्बिएरीबाईंना पाठवले, खाली माझं नाव घालून. लिहिलं, मंजुरी रद्द करा. दुपारी समितीने केली. जागा गेली. बाल्तासार म्हणाला, तू आम्हा सगळ्यांना बुडवलंस. हो, बुडवलं! घरी येऊन ढसाढसा रडले. पत्र मागे घेणार नाही.