उखामामाच्या दोन मुठी

३ फेब्रुवारी, मंगळवार

प्रेशर, व्हॉल्यूम आणि मोल. सरांनी तिघांना चाळीस मिनिटांत एका समीकरणात कोंबलं आणि चहाला निघून गेले. वर्गात कुणाला काही कळलं नाही. ते दाराशी असतानाच मी विचारलं, व्हॉल्यूम नेमका कशाचा धरायचा? सर त्यांच्या गुजरातीत म्हणाले, "जेटलुं वासण, एटलुं वॉल्युम." जेवढं भांडं तेवढा गॅस. वर, "परीक्षामां आवशे, लखी लो." परीक्षेत न येणारं काही सर कधी बोललेच नाहीत!

मी लिहून घेतलं. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आम्ही साठजणं, पण हा प्रयोग रोज घरी बघणारी मी एकटीच. आईचा भाऊ उखामामा फुगेवाला आहे. त्याचं लोखंडी नळकांडं आमच्याच ओट्यावर असतं. आत पाणी, कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमच्या भंगाराचे तुकडे. झाकण आवळलं की हायड्रोजन तयार. पंचवीस वर्षं हेच करतोय, पण हायड्रोजन हा शब्द त्याच्या कानावरून गेलेला नाही.

५ फेब्रुवारी

मामाचं अख्खं शास्त्र एका ओळीचं — "दोन मुठी. तिसरी नही." का नाही? "नही म्हंजे नही." झालं स्पष्टीकरण.

नळकांड्याला प्रेशरचा काटा आहे. दहावर लाल खूण. पण काटा तीन वर्षांपासून चारवर अडकलाय, नि मामा म्हणतो, त्याला राहू दे तिथंच. दोन मुठी भंगारात आठ फुगे भरतात. मग सगळं ओतायचं, धुवायचं, पुन्हा दोन मुठी. बघूनच मला जांभई येते.

८ फेब्रुवारी

वॉर्डातल्या एका पुढाऱ्याचा वाढदिवस आहे. पंधरा तारखेला उधन्याच्या मैदानावर अडीचशे फुगे एकदम सोडायचेत. माणूस पन्नास वर्षांचा झाला, हे आकाशाला कळवायला नको? ऑर्डर मामाला मिळाली. आई म्हणाली, "दादाले इतलं मोठं काम पहिल्यांदाच भेटनं."

आठ-आठ फुगे भरत बसला तर शेवटचा भरेपर्यंत पहिला मरगळणार. मामाचं जेवणात लक्ष नाही. काम हातचं गेलं तर पुन्हा कुणी बोलावणार नाही, असं आईला सांगत होता.

१० फेब्रुवारी

मामाने आज मला विचारलं. चक्क स्वतःहून! "पोरी, तू शिकेल शे. तीन चालतीन का?"

मी वही घेऊन ओट्यावर बसले. त्याची एक मूठ किराणावाल्याच्या काट्यावर तोलून आणली — तीस ग्रॅम. नळकांड्यावर चाळीस लिटर असं कोरलेलंच आहे. सहा मुठी म्हणजे दहा मोल हायड्रोजन. चाळीस लिटरच्या भांड्यात दहा मोल, तर प्रेशर सहाच्या आसपास. लाल खूण दहावर. "तीन कशाला, मामा? सहा टाक." चोवीस फुगे एका खेपेत. पंचवीस वर्षं हा माणूस उगाच घाबरत होता.

त्याने पुन्हा विचारलं, "पन पानीनं काय?" मी हसले. पाणी गणितात येत नाही, म्हटलं. चिठ्ठीवर "६ मुठी" लिहून खाली सही केली. सही कशाला केली कुणास ठाऊक. डॉक्टर झाल्यासारखं वाटलं. मामा ती चिठ्ठी गल्लीभर दाखवत फिरला. त्याला वाचता येत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

मामा सकाळीच नळकांडं रिक्षात घालून उधन्याला गेला. चिठ्ठी खिशात.

१६ फेब्रुवारी

पहिल्याच खेपेला झाकण उडालं. मांडव फाटला. बरं की आसपास दुसरं कुणी नव्हतं, खुर्च्यासुद्धा लागायच्या होत्या. मामा दवाखान्यात आहे. हात भाजलाय. डाव्या कानाने ऐकू येत नाही, आणि डॉक्टर म्हणतात, येणारही नाही. वाढदिवस मात्र वेळेवर झाला. फुग्यांऐवजी कबुतरं सोडली म्हणे.

मी दिवसभर वही घेऊन बसले. नळकांडं चाळीस लिटरचं, पण त्यात मामा तीस लिटर पाणी घालतो. रोज घालतो. मी रोज बघते, कित्येकदा बादली मीच भरून दिलीय. गॅसला जागा उरते दहाच लिटर. प्रेशर सहा नव्हतं, चोवीस होतं. त्याने विचारलं होतं मला. मी हसले होते.

आईला अजून सांगितलं नाही. मला भीती वाटते.

१९ फेब्रुवारी

पोलीस दवाखान्यात आला. इतकं भंगार आत टाकायला कुणी सांगितलं, असं त्याने विचारलं. मी दाराशीच उभी होते. मामा म्हणाला, "कोनी नही. मुठी मोजामा मीच चुकनू."

पोलीस गेल्यावर त्याने मला उजव्या बाजूला बोलावलं. खिशातली चिठ्ठी परत दिली. म्हणाला, "आते पानी धरीसन कर."

चिठ्ठीच्या मागच्या बाजूवर पाणी धरून गणित केलं. लाल खुणेच्या आत दोन मुठी येतात. तिसरी नाही.