वनखात्याच्या झोपडीत माय

माय, तू गेल्याला पुष्कळ वर्षं झाली. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच, त्यामुळे मला नीट लिहिता येत नाही हे तुला ठाऊक आहे. तरी आज लिहितो.

तुझं एकच मागणं होतं. सडक अर्जुनीपुढच्या जंगलात वनखात्याचा बंगला सारवायला तू तरुणपणी मजुरीनं जायचीस, पण आत झोपायचे ते साहेब. तिथल्या लाकडी झोपड्या आता कोणालाही भाड्यानं मिळतात, लॉजपेक्षा स्वस्त, असं कुणीतरी सांगितलं आणि तू हट्टच धरलास. मी म्हणालो, वीज नाही, संडास मागं आहे, शिधा आपणच न्यायचा, आणि अस्वलं फिरतात. तू म्हणालीस, "काऊन भिऊन राहिला रे बापू? अस्वल का भाडं मांगते?"

आमगावहून निघताना मी तांदूळ, डाळ, चादरी, टॉर्च, जास्तीचे सेल, तापाच्या गोळ्या आणि दाराला नसलं तर म्हणून कुलूपसुद्धा घेतलं. चौकीदारानं दार उघडलं तेव्हा तू आधी भिंतीवरून हात फिरवलास. "इथं सारवाले काही ठेवलंच नाही," म्हणालीस आणि खाटेवर ऐसपैस पाय पसरलेस. "आता मी साहेबीण."

पहाटे मला जाग येते तर तुझी खाट रिकामी, दार उघडं. हाका मारत मी धावतो आहे, मागून चौकीदार ओरडतो आहे, "काका, चिल्लाओ मत!" आणि पायवाटेच्या वळणावर, मोहाखाली, तू बसलेली. चैत्र होता, रात्रभर फुलं गळाली होती. तुझी ओटी भरली होती आणि समोर एक गार्ड उभा होता.

"आजी, अभयारण्य आहे हे. इथलं फूलही उचलता येत नाही."

"अन् अस्वल खाते ते? त्याले अडवतोस का?"

गार्ड हसला. "ते इथलंच आहे ना, आजी."

"मंग मी कोठची आहो?"

दंड होईल, तुला धरून नेतील, या भीतीनं मी हात जोडून उभा होतो. तू मात्र बसूनच बोललीस. माय, वर्दीपुढं असं बसून बोलणं मला आजवर जमलेलं नाही. मग तू सावकाश उठलीस, ओटी सोडून सगळी फुलं बुंध्याशी ओतलीस. "राहू दे, अस्वलाले होतील." एक फूल तेवढं तोंडात टाकलंस. "हे पोटात जाऊन राहिलं. काढून घे." गार्डनं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलताना मला दिसले.

आता त्या झोपडीचं बुकिंग कॉम्प्युटरवर होतं, भाडंही वाढलं. थोरला दर चैत्रात मला एक रात्र काढून देतो. बाबा आजीच्या आठवणीसाठी जातात, असं तो पाहुण्यांना सांगतो आणि मी मान हलवतो. आठवण येतेच. पण घरी मी गॅस बघायला, कडी बघायला रात्रीतून चारदा उठतो, आणि त्या अस्वलांच्या रानात पडलो की सकाळच होते. हा कागद थोरल्याच्या हाती लागू देणार नाही. मी तिथं झोपायला जातो, माय.