बक्षिसाच्या गाडीचा इसार

मी, भगवंत सूर्यभान फुटाणे, वय ७३, संत्रा बागायतदार, राहणार वरूड, कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहितो. डोके ठिकाणावर आहे. तीन वर्षांपूर्वी आठवडाभर ते नव्हते, त्याचा खुलासा खाली आहे.

१. राहते घर पत्नी पार्बताबाईचे. तिला विचारल्याशिवाय खिळासुद्धा ठोकू नये.

२. तीन एकर संत्राबाग मुलगा मनोज व सून करिश्मा यांना निम्मी-निम्मी. मनोज नांदगाव पेठेत कारखान्यात असतो, बागेचे पाणी करिश्माच पाहते. धुऱ्यावरचे, म्हणजे बांधावरचे, बोरीचे झाड शेजाऱ्याचे आहे. वीस वर्षे भांडलो, बोरे आंबट निघाली.

३. खुलासा. टपालाने कार्ड आले, खरवडले तर चारचाकी लागलेली. फोनवरचा माणूस म्हणाला, नोंदणीचे पैसे आजच भरा, घरात सांगू नका. करिश्मा म्हणाली, "मामाजी, आपन चिठ्ठी कुठं भरली होती? आन बक्षीस देनारा आपल्यालेच पैसे कावून मांगते?"

"तुले धंद्यातलं काय समजते?" असे मी बोललो.

आमच्या धंद्यात फळ झाडावर असतानाच व्यापारी इसार देतो, म्हणजे सौदा पक्का. मी नोंदणीला इसार समजलो. त्याने पुन्हा मागितले, पुन्हा भरले, कारण मागे हटले की इसार बुडतो. असा तीनदा बुडालो. लाजेपोटी पोलिसांत गेलो नाही. तुमच्यापैकी कोणी फसले तर त्याच दिवशी जावे.

पैसे कपाटातले होते आणि किल्ली करिश्माकडे. तिने ते अकोल्याला माहेरी दिले, असे पार्बताबाईने धरले व किल्ली काढून घेतली. मी गप्प बसलो. धुण्यात माझ्या खिशातली, ते पैसे भरल्याची बँकेची पावती करिश्माला सापडली. तिने ती वाळवून माझ्या उशीखाली ठेवली. मला याची फार शरम वाटते.

४. माझा मोबाइल कोणी वापरू नये. त्यावर अजून बक्षिसे लागतात.

५. हे मेल्यावर वाचायचे नाही. सहीपूर्वी आज मी स्वतः सगळ्यांसमोर वाचले. पार्बताबाईने पदराची गाठ सोडून किल्ली करिश्मापुढे ठेवली.

"मले कावून नाही सांगतलं वं?"

करिश्मा म्हणाली, "मामाजी कधी सांगते, ते पाहून राहिली होती मी."

तिचे हे वाक्य तिच्या परवानगीने येथे लिहून सही करतो.

भगवंत सूर्यभान फुटाणे

साक्षीदार:
१. देवानंद वानखडे, संत्रा व्यापारी
२. नितेश खेरडे, शेजारी (बोरीचा मालक)

वरूड, दि. ९ डिसेंबर २०२५